सेलर मलान

ॲडॉल्फ गिस्बर्ट मलान ऊर्फ सेलर मलान (जन्म : २४ मार्च १९१०, वेलिंग्टन, केप प्रांत, दक्षिण आफ्रिका, मृत्यू : १७ सप्टेंबर १९६३, किंबर्ली, दक्षिण आफ्रिका) हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये सेवा बजावलेले दक्षिण आफ्रिकी लढाऊ वैमानिक होते. ब्रिटनच्या लढाईत त्यांनी ७४ क्रमांकाच्या स्पिटफायर स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. स्वतंत्रपणे २७ आणि सहकाऱ्यांसमवेत ७ शत्रुविमाने पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. तथापि, विमानयुद्धाच्या इतिहासात त्यांना जे स्थान मिळाले ते केवळ या आकड्यांमुळे नव्हे. विमानाच्या पंखांतील बंदुका नेमक्या किती अंतरावर एकवटाव्यात आणि वैमानिकाने गोळीबार केव्हा सुरू करावा, या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नांची त्यांनी दिलेली उत्तरे त्यांच्या हयातीतच लढाऊ स्क्वाड्रनांमध्ये रूढ झाली. युद्धानंतर मायदेशी परतून त्यांनी वर्णद्वेषी सरकारविरोधी टॉर्च कमांडो या चळवळीचे अध्यक्षपद भूषविले.

== बालपण आणि सागरी जीवन ==

मलान यांचा जन्म केप प्रांतातील एका आफ्रिकान्स कुटुंबात झाला. फ्रान्समधून धार्मिक छळामुळे बाहेर पडलेल्या ह्यूगेनॉ प्रॉटेस्टंटांच्या वंशजांपैकी हे घराणे होय. १९२४ साली ते जनरल बोथा या प्रशिक्षण नौकेवर छात्र म्हणून दाखल झाले आणि १९२८ मध्ये युनियन-कॅसल या जहाज कंपनीत रुजू झाले. सेलर, म्हणजे खलाशी, हे टोपणनाव त्यांना या सागरी आयुष्यामुळे पुढे विमानदलातील सहकाऱ्यांनी दिले. घरच्या मंडळींत मात्र ते जॉन या नावाने ओळखले जात. १९३२ मध्ये ते रॉयल नेव्हीच्या राखीव दलात अधिकारी झाले.

== रॉयल एअर फोर्समध्ये प्रवेश ==

जर्मनीच्या शस्त्रसज्जतेच्या पार्श्वभूमीवर रॉयल एअर फोर्सचा विस्तार होऊ लागला, तेव्हा मलान यांनी समुद्र सोडून आकाशाचा मार्ग धरला. ब्रिस्टलजवळ टायगर मॉथ विमानावर त्यांनी प्राथमिक प्रशिक्षण घेतले आणि डिसेंबर १९३६ मध्ये त्यांची नेमणूक ७४ स्क्वाड्रनवर झाली. बरोबरीच्या बहुतेक नवशिक्या वैमानिकांपेक्षा ते वयाने मोठे होते. जहाजावरील कडक शिस्तीची त्यांना सवय होती आणि हाताखालच्या माणसांकडूनही ते तीच अपेक्षा करीत. वर्षभरातच त्यांच्याकडे ए फ्लाइटची जबाबदारी आली. १९३८ मध्ये त्यांचा लिंडा फ्रेझर यांच्याशी विवाह झाला. पुढे या स्क्वाड्रनला स्पिटफायर विमाने मिळाली आणि लंडनच्या पूर्वेकडील हॉर्नचर्च तळावरून तिने युद्धाला तोंड दिले.

== बार्किंग क्रीकची घटना ==

युद्ध पुकारल्याला तीनच दिवस झाले असताना, ६ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी, शत्रुविमाने येत असल्याची चुकीची सूचना मिळाली आणि अनेक स्क्वाड्रनांना उड्डाणाचे आदेश सुटले. मलान यांच्या नेतृत्वाखालील ए फ्लाइटमधील जॉन फ्रीबॉर्न व पॅडी बर्न या दोन वैमानिकांनी ५६ स्क्वाड्रनची दोन हरिकेन विमाने जर्मन समजून पाडली. त्यांपैकी माँटेग्यू हल्टन-हॅरप हे तरुण वैमानिक मृत्युमुखी पडले. या युद्धात प्राण गमावलेले ते ब्रिटनचे पहिले लढाऊ वैमानिक ठरले आणि त्यांचा बळी स्वपक्षाच्याच गोळ्यांनी घेतला.

दोन्ही वैमानिकांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. मलान यांनी हल्ल्याचा आदेश दिला होता, असे फ्रीबॉर्न यांचे म्हणणे होते. आपण हल्ला थांबविण्याचा आदेश दिला होता, अशी मलान यांची बाजू होती. मलान यांनी फिर्यादी पक्षाच्या वतीने, स्वतःच्याच हाताखालील वैमानिकांविरुद्ध साक्ष दिली. बचाव पक्षाचे वकील सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी त्यांच्या सत्यवादित्वावरच प्रश्नचिन्ह लावले. दोघेही निर्दोष सुटले आणि फ्रीबॉर्न पुढे त्याच स्क्वाड्रनमध्ये मलान यांच्यासोबत लढले. दोघांमधील कटुता मात्र मिटली नाही. मलान यांच्या चरित्रातील हा सर्वांत अवघड प्रसंग होय. त्यांच्या गौरवपर वृत्तांतांत तो बहुधा दोन-तीन वाक्यांत उरकला जातो. वस्तुतः नेम धरण्यापूर्वी लक्ष्य ओळखणे ही नेमबाजीची पहिली पायरी होय, आणि पुढे अचूक नेमबाजीसाठी नावाजलेल्या या अधिकाऱ्याच्या तुकडीत तीच पहिली पायरी चुकली होती.

== बंदुकांचे एकत्रीकरण ==

मलान यांचे कार्य समजण्यासाठी त्या काळच्या विमानांतील शस्त्ररचना थोडी पाहावी लागते. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीत आठ ब्राउनिंग मशीनगन असत, प्रत्येक पंखात चार. नाकाशी पंखा फिरत असल्याने बंदुका त्याच्या कक्षेबाहेर, पंखांत दूरदूर बसवाव्या लागत. त्या अगदी सरळ रोखल्या तर गोळ्यांचे आठ समांतर प्रवाह निघतील आणि नेमक्या मधल्या जागेतून, म्हणजे वैमानिक जिथे पाहतो तिथून, एकही गोळी जाणार नाही. म्हणून प्रत्येक बंदूक किंचित आत वळवून सर्व प्रवाह पुढे एका ठरावीक अंतरावर एकत्र आणले जात. त्या अंतराला आज कन्व्हर्जन्स म्हटले जाते. विमानदलात या जुळणीला हार्मोनायझेशन म्हणत.

हे काम विमानतळावरील शस्त्र-कारागिरांचे असे. विमानाचे शेपूट उचलून ते उड्डाणाच्या स्थितीत सपाट उभे करावयाचे, समोर मोजलेल्या अंतरावर खुणांचा फलक लावावयाचा, प्रत्येक बंदुकीच्या नळीतून पाहून ती आपल्या खुणेवर आणावयाची आणि मग तिची बैठक घट्ट आवळावयाची. वैमानिकाच्या नेमयंत्राचा ठिपकाही त्याच फलकावर जुळवावा लागे. गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येते आणि बंदुका वैमानिकाच्या डोळ्याच्या पातळीखाली असतात, म्हणून नळ्यांना थोडा चढही द्यावा लागे.

यात अडचण अशी की एकत्रीकरण एकाच अंतरावर होते. त्याच्या अलीकडे गोळ्या विखुरलेल्या असतात, आणि त्या बिंदूपलीकडे डाव्या पंखातील प्रवाह उजवीकडे व उजव्यातील डावीकडे जाऊन पुन्हा फाकू लागतात. अडीचशे यार्डांवर जुळविलेल्या बंदुकांच्या गोळ्या पाचशे यार्डांवर परस्परांपासून पुन्हा तेवढ्याच दूर असतात, जेवढ्या त्या पंखांतून निघताना होत्या. म्हणजे अंतराचा आकडा निवडणे याचा अर्थ वैमानिकाने शत्रूच्या किती जवळ जावे हे आधीच ठरवून टाकणे असा होतो.

युद्धाच्या प्रारंभी फायटर कमांडचा अधिकृत आकडा ४०० यार्ड (सुमारे ३६५ मीटर) होता. शिवाय गोळ्या एका बिंदूत न आणता काही फूट रुंदीच्या क्षेत्रात पसरविल्या जात. कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्या नावावरून ही रचना ओळखली जाई. ती अगदीच निराधार नव्हती. जर्मन बॉम्बफेकी विमाने लढाऊ विमानांच्या संरक्षणाशिवाय येतील आणि त्यांच्या मागील बंदुकधाऱ्याच्या माऱ्यापासून दूर राहून त्यांच्यावर हल्ला करावा लागेल, असे युद्धपूर्व गृहीतक होते. सामान्य वैमानिकाचा नेम थोडा चुकणारच. तेव्हा मारा पसरलेला असेल तर काही गोळ्या तरी लागतील, असाही विचार त्यामागे होता.

प्रत्यक्ष युद्धात हे गणित फसले. ब्राउनिंगची ०.३०३ इंची गोळी ही मुळात रायफलीची गोळी होती. चारशे यार्डांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग घटे, आणि चिलखती पत्रे व आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या असलेल्या जर्मन विमानांवर विखुरलेल्या गोळ्यांचा परिणाम अल्प होई. छिद्रांची चाळण झालेली विमानेही मायभूमीला परतत. मलान यांनी आपल्या बंदुका २५० यार्डांवर (सुमारे २३० मीटर) जुळवून घेतल्या आणि स्क्वाड्रनमध्येही तोच आकडा रूढ केला. याचे संपूर्ण श्रेय एकट्या मलान यांना देण्याची प्रथा पडली असली, तरी ते पूर्णतः न्याय्य नाही. फ्रान्समध्ये लढलेल्या १ क्रमांकाच्या हरिकेन स्क्वाड्रननेही स्वतंत्रपणे हेच अंतर स्वीकारले होते. मलान यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी तो आकडा स्वतःच्या यशाने सिद्ध केला आणि तो इतरांना पटवून दिला.

आठही बंदुका मिळून सेकंदाला सुमारे १५० गोळ्या सुटत. पण प्रत्येक बंदुकीस केवळ ३०० गोळ्या असल्याने सर्व साठा सुमारे सोळा सेकंदांतच संपे. या मोजक्या सेकंदांत लांबून गोळ्या उधळायच्या, की जवळ जाऊन एक-दोन सेकंदांत दोन-तीनशे गोळ्या एकाच जागी उतरवायच्या, हा खरा प्रश्न होता. जवळ जाण्यात जोखीम अर्थातच अधिक होती. नेम कच्चा असलेल्या वैमानिकाला एकवटलेल्या माऱ्याचा लाभ होतोच असेही नाही. त्याची चुकलेली फैर सगळीच्या सगळी चुकते. मलान यांची पद्धत म्हणूनच नेमबाजीच्या कसून सरावाची अपेक्षा धरणारी होती.

== गनसाइट आणि अंतराचा अंदाज ==

बंदुका अचूक जुळवूनही वैमानिकाने दुप्पट अंतरावरून घोडा दाबला तर सारेच व्यर्थ. मोकळ्या आकाशात अंतर मोजण्यासाठी झाड नाही, घर नाही. त्यामुळे अननुभवी वैमानिक नेहमीच आपण प्रत्यक्षापेक्षा जवळ आहोत असे समजे. अडीचशे यार्डांवरून गोळीबार केल्याचे सांगणारे वैमानिक वास्तविक त्याच्या दुपटीहून अधिक दूर असल्याची उदाहरणे चित्रफितींतून दिसून येत.

स्पिटफायरमध्ये बार अँड स्ट्राउड कंपनीचे परावर्तक गनसाइट बसविलेले असे. त्यातील छोट्या दिव्याच्या प्रकाशाने वैमानिकासमोरच्या तिरप्या काचेवर एक वर्तुळ, मधला ठिपका आणि आडवी रेघ उमटे. डोके थोडे हलले तरी ही आकृती लक्ष्यावरून ढळत नसे, हा जुन्या लोखंडी नेमकड्यांच्या तुलनेत मोठा लाभ होता. आडव्या रेघेत मधे एक फट असे आणि दोन चकत्या फिरवून ती कमी-जास्त करता येई. एका चकतीवर लक्ष्याच्या पंखांची रुंदी आणि दुसरीवर हवे ते अंतर लावले की, शत्रूचे पंख त्या फटीत नेमके मावतील तेव्हा ते अंतर गाठले असे समजावयाचे.

मेसरश्मिट १०९च्या पंखांचा विस्तार सुमारे ३२ फूट होता. अडीचशे यार्डांवर हे विमान किती मोठे दिसेल? हात ताठ पुढे धरून त्यात पट्टी धरली, तर सुमारे अडीच सेंटीमीटर. चारशे यार्डांवर ते दीड सेंटीमीटरच्या आसपास दिसेल. एवढ्याशा फरकावर निर्णय घ्यायचा, तोही स्वतःचे विमान वळणात असताना. चकती ३२ फुटांवर लावलेली असताना समोर ७४ फूट पंखांचे हाइंकेल १११ आले, तर ते पावणेसहाशे यार्डांवरच फट भरून टाकी आणि वैमानिक फसे. वर्तुळाचा उपयोग आडव्या जाणाऱ्या लक्ष्यासाठी होता. अडीचशे यार्ड कापण्यास गोळीला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात ताशी ३०० मैलांनी आडवे जाणारे विमान पंचेचाळीस मीटर पुढे सरकलेले असते. तेव्हा नेम विमानावर नव्हे, तर विमान जिथे असेल त्या रिकाम्या जागेवर धरावा लागे. हा आडाखा बहुतेकांना साधत नसे. म्हणूनच मागून, जवळून आणि शक्य तितक्या सरळ रेषेत हल्ला करावा, असा मलान यांचा आग्रह असे. हा आडाखा स्वतःच मांडणारे जायरो गनसाइट युद्धाच्या उत्तरार्धात आले, तोवर मलान यांचे लढाऊ उड्डाणांचे दिवस बहुतांशी संपले होते.

== डंकर्क आणि ब्रिटनची लढाई ==

मे १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीवेळी ७४ स्क्वाड्रनने प्रथमच सलग लढाई अनुभवली. मलान यांना जूनमध्ये डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १८ जूनच्या रात्री स्वच्छ चांदण्यात त्यांनी एकट्याने उड्डाण करून दोन हाइंकेल विमाने पाडली. त्यांपैकी एक चेल्म्सफर्ड येथे कोसळले. स्पिटफायर रात्रीच्या लढाईसाठी बनविलेले नव्हते, हे ध्यानात घेता हा पराक्रम असामान्यच म्हणावा लागेल. २८ जुलैच्या चकमकीत प्रसिद्ध जर्मन वैमानिक व्हेर्नर म्योल्डर्स जखमी झाले. त्याचे श्रेय अनेक वर्षे मलान यांना दिले जात होते, परंतु अलीकडचे संशोधक त्याबाबत एकमत नाहीत.

८ ऑगस्ट १९४० रोजी ते स्क्वाड्रनचे प्रमुख झाले आणि तीनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत स्क्वाड्रनने चार वेळा लढाई दिली. त्या दिवशी ३८ विमाने पाडल्याचा दावा करण्यात आला. गोंधळाच्या झुंजीत एकच विमान दोघा-तिघांनी आपले म्हणून मोजणे सर्वच पक्षांकडून घडे, त्यामुळे असे दावे प्रत्यक्ष हानीपेक्षा मोठे असत. तरीही स्क्वाड्रनच्या परंपरेत हा दिवस मलान यांच्या नावाने ओळखला जातो. तीन-तीन विमानांची घट्ट बाणाकृती रचना त्यांनी टाकून दिली आणि चार-चार विमाने एकामागे एक ठेवण्याची पद्धत अवलंबिली. जुन्या रचनेत कडेचे वैमानिक शत्रूऐवजी आपल्याच नायकाच्या पंखाकडे पाहत राहत, हे त्यामागचे कारण होते.

डिसेंबर १९४० मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान मिळाला. मार्च १९४१ पासून त्यांनी बिगिन हिल विंगचे नेतृत्व करून फ्रान्सवरील मोहिमा केल्या. उन्हाळ्याअखेर थकवा जाणवू लागताच ते आघाडीवरून बाजूला झाले. त्या वेळी ते रॉयल एअर फोर्सचे सर्वाधिक विजय नोंदविलेले वैमानिक होते.

== हवाई लढाईचे दहा नियम ==

मलान यांनी आपला अनुभव दहा छोट्या नियमांत मांडला. हे नियम छापील स्वरूपात लढाऊ तळांच्या भिंतींवर लावले जात. अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी न झाडणे, नेम पक्का बसल्यावर एक-दोन सेकंदांचीच फैर झाडणे आणि त्या क्षणी दुसरा कोणताही विचार मनात न आणता दोन्ही हातांनी सुकाणू धरून नेमावर लक्ष एकवटणे, असा पहिल्या दोन नियमांचा आशय आहे. उंचीचा लाभ घेणे, हल्ला होताच त्याला सामोरे वळणे, युद्धक्षेत्रात अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ सरळ न उडणे यांसारख्या सूचना त्यानंतर येतात. नेमबाजीला त्यांनी यादीत पहिले स्थान दिले, हे लक्षणीय आहे. नवा वैमानिक मोर्चावर येई तेव्हा त्याला खऱ्या गोळीबाराचा सराव फारच तुटपुंजा मिळालेला असे, आणि पहिल्या काही उड्डाणांतच त्याचे भवितव्य ठरून जाई.

अमेरिकेतील व्याख्यान दौऱ्यानंतर मलान सेंट्रल गनरी स्कूलमध्ये नेमबाजीच्या प्रशिक्षणाशी निगडित होते. पुढे ते बिगिन हिल तळाचे प्रमुख झाले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या आक्रमणावेळी ते १४५ विंगचे नेतृत्व करीत होते. त्यात स्वतंत्र फ्रेंच वैमानिकांची स्क्वाड्रने होती. ग्रुप कॅप्टन या हुद्द्यावरून १९४६ मध्ये ते विमानदलातून बाहेर पडले. ब्रिटनखेरीज फ्रान्स, बेल्जियम व चेकोस्लोव्हाकिया यांनीही त्यांना युद्धसन्मान दिले.

== टॉर्च कमांडो ==

मायदेशी परतल्यावर मलान यांनी काही काळ उद्योगपती हॅरी ओपनहायमर यांच्याकडे काम केले आणि नंतर किंबर्लीजवळ शेती केली. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. पंतप्रधान डॅनियल मलान यांचे आडनावही तेच होते, मात्र दोघांचे मार्ग पूर्णपणे भिन्न होते. केप प्रांतातील मिश्रवंशीय, म्हणजे त्या देशाच्या परिभाषेत कलर्ड, नागरिकांना सर्वसाधारण मतदारयादीतून वगळण्याचे विधेयक १९५१ मध्ये सरकारने आणले. त्याविरुद्ध माजी सैनिक रस्त्यावर उतरले. रात्रीच्या मशाल-मोर्च्यांमुळे त्यांच्या संघटनेला टॉर्च कमांडो हे नाव पडले आणि सेलर मलान तिचे अध्यक्ष झाले. ज्या विचारांविरुद्ध आपण युरोपात लढलो तेच विचार आता घरात सत्तेवर आहेत, अशी अनेक सदस्यांची भावना होती. संघटनेची सदस्यसंख्या सुमारे अडीच लाखांपर्यंत पोहोचली.

चळवळीला अंगभूत मर्यादा होत्या. ती मुख्यतः गोऱ्या माजी सैनिकांची होती आणि कलर्ड माजी सैनिकांना बरोबरीचे सदस्यत्व देण्याच्या प्रश्नावर तिची भूमिका डळमळीत राहिली. ज्यांच्या हक्कासाठी मशाली पेटल्या त्यांनाच दारात थांबविणाऱ्या संघटनेवर टीका झाली, ती योग्यच होती. देशाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९५२ मध्ये मतदारयादीचा कायदा रद्दबातल ठरविला, तरी सरकारने माघार घेतली नाही. १९५३च्या निवडणुकीत नॅशनल पार्टी अधिक बळकट होऊन परतली आणि टॉर्च कमांडो विरून गेली. कलर्ड नागरिकांचा मताधिकार १९५६ मध्ये सर्वसाधारण यादीतून अखेर काढून घेण्यात आला.

== अखेरचे दिवस ==

मलान यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, जडला. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते. १७ सप्टेंबर १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. देशातील सर्वांत नामवंत युद्धवीर असूनही त्यांना पूर्ण लष्करी मानवंदना नाकारण्यात आली आणि अंत्ययात्रेस गणवेशात उपस्थित राहण्यास संरक्षण दलातील कर्मचाऱ्यांना मनाई होती. त्यांच्या नावाने पार्किन्सनच्या संशोधनासाठी मोठा निधी उभारण्यात आला.

== प्रभाव ==

ऑलिव्हर वॉकर यांनी लिहिलेले मलान यांचे चरित्र त्यांच्या हयातीतच, १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६९च्या बॅटल ऑफ ब्रिटन या चित्रपटातील रॉबर्ट शॉ यांनी साकारलेला कठोर स्क्वाड्रनप्रमुख मलान यांच्यावर बेतलेला असल्याचे मानले जाते.

त्यांच्या आकड्याला एक अनपेक्षित उत्तरायुष्यही लाभले आहे. इल-२ स्टर्मोविक यांसारख्या संगणकीय हवाई युद्धाच्या खेळांत उड्डाणापूर्वी बंदुकांचे कन्व्हर्जन्स मीटरमध्ये भरावे लागते. ब्रिटनच्या लढाईवरील क्लिफ्स ऑफ डोव्हर या खेळात तर प्रत्येक बंदूक स्वतंत्रपणे जुळविता येते आणि गनसाइटवरील अंतर व पंखविस्ताराच्या चकत्याही फिरविता येतात. स्पिटफायरसाठी तेथे २३० मीटरच्या आसपासचा आकडा भरणारा खेळाडू मलान यांचेच २५० यार्ड वापरीत असतो. चारशे भरून पाहिल्यास डाउडिंग यांच्या रचनेतील अडचणही त्याला पहिल्याच झुंजीत अनुभवता येते.